बेलाच्या रानाचा नंबर

"गट नंबर सांगा, मावशी."

"बेलाचं रान."

"ते नाव झालं. नंबर सांगा, नंबर."

जानकीबाईंनी एकदा त्या पोरीकडं पाहिलं, एकदा तिच्यापुढच्या लॅपटॉपकडं पाहिलं. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर शेतकरी ओळख क्रमांकाचं शिबिर भरलं होतं. नांदूरघाटच्या सेवा केंद्रातून आलेली करिष्मा सकाळपासून मान खाली घालून अर्ज भरत होती आणि तिच्यापुढं अर्ध्या वाडीची रांग होती. जानकीबाईंची पाळी येईतो ऊन डोक्यावर आलं. सोमवारचा उपवास, पोटात नुसतं पाणी. पण त्यांची मान ताठ होती. ताठ का नसावी? चार एकरांचं काळंभोर रान होतं त्यांचं. ऊसतोडीला सहा महिने परमुलखात कोयता चालवला, तरी चैत्रात परत यायला स्वतःचं रान आहे, हा त्यांचा मोठा आधार होता.

"अगं लेकरा," त्या समजावून सांगू लागल्या, "पाणंदीनं सरळ गेलीस की डाव्या हाताला बेलाचं झाड लागतं. दर सोमवारी मी तिथलाच बेल महादेवाला वाहते. ते रान आमचं. शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

"पोराला ठावं असंल, मावशी. हिला न्हाई ना ठावं." करिष्मानं लॅपटॉपवर बोट वाजवलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "वैनी, त्या डब्यावर बेलाचं पान वाहून बघा! निघंल नंबर!"

सगळी ओसरी हसली. जानकीबाईंनी पदर सावरला आणि त्या पायऱ्या उतरल्या. अपमान लागला होता, पण त्याहून एक गोष्ट जास्त टोचत होती. हसणारा खोटं हसला नव्हता. आपल्या मालकीच्या रानाचा नंबर आपल्याला सांगता आला नाही!

वाचकहो, या वाडीत सगळ्याच रानांना अशी नावं आहेत. बारवेचं, धोंड्याचं, ओढ्याचं, बेलाचं. नाव घेतलं की माणसाच्या डोळ्यांपुढं बांध उभा राहतो. पण कचेरीला बांध दिसत नाही. तिला आकडा लागतो. आणि आकड्याचं सगळं मामंजी बघायचे. मामंजी, म्हणजे जानकीबाईंचे सासरे सोमेश्वर, चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून घरात जमिनीच्या कागदाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

घरात एक कागद मात्र होता. देव्हाऱ्यात, लाल फडक्यात बांधलेला. मामंजींचे वडील लिंबाजी निजामाच्या राज्यात दुसऱ्याच्या रानात कूळ म्हणून राबत होते. पुढं कायदा आला, कसेल त्याची जमीन झाली आणि घोळव्यांच्या घरात स्वतःच्या नावाचा पहिला सातबारा आला. त्या दिवशी लिंबाजींनी तो देवापुढं ठेवला, तो तिथंच राहिला. पोळ्याला आणि दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं, हात जोडायचे. जानकीबाईंनी तीस वर्षांत एक पूजा चुकवली नव्हती. पण तो कागद उघडून कुणी वाचला नव्हता. तो वाचायचा असतो, हेच कुणाला सुचलं नव्हतं.

घरी येताच जानकीबाईंनी हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि फडकं सोडलं. पिवळ्या पडलेल्या कागदावर कुंकवाचे डाग होते, पण आकडा स्पष्ट होता. सर्व्हे नंबर एकेचाळीस.

"शिवकन्या, आण गं तुझा मोबाइल! सापडला नंबर!"

शिवकन्या ही त्यांची सून, माहेर घाटनांदूरचं, बारावी शिकलेली. तिनं शासनाचं संकेतस्थळ उघडलं. जिल्हा बीड, तालुका केज, मग वाडीचं नाव. पुढं एक चौकट आली, 'सर्व्हे नंबर, गट नंबर' असं लिहिलेली. तिनं एकेचाळीस घातलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि सातबारा उघडला.

शिवकन्येनं मोबाइल डोळ्यांजवळ धरून पुन्हा पाहिलं.

"वाच की गं."

"आत्या, ह्याच्यावर… आप्पाराव नरहरी घोळवे लिहिलंय."

जानकीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. आप्पाराव! सख्खा चुलत दीर! दसरा झाला की जानकीबाई आणि त्यांचे यजमान त्रिंबक बिऱ्हाड गाडीत टाकून कारखान्यावर जायचे आणि मागं रानावर नजर ठेवायचा तो हाच आप्पाराव!

"आत्या, थांबा, आपलं कायतरी चुकलं असंल. परत बघू…"

"आता काय बघायचं राहिलंय?"

त्रिंबक उंबऱ्यावर बसले होते. ते मुळात अबोल. त्या दिवशी बोलले, ते आगीत तेल ओतणारं. "सहा म्हैने आपण तिकडं. हिकडं कोण काय करतंय, कुणाला ठावं? आप्पा पंच व्हता. कचेरीतल्या लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायचा."

एवढं पुरे झालं. जानकीबाई तो कागद मुठीत धरून निघाल्या. मागं सून, तिच्यामागं त्रिंबक आणि काय झालं म्हणून बघायला निघालेली आळी.

आप्पारावांच्या अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या. आप्पाराव सावलीला दावं वळत बसले होते आणि त्यांची बायको मनकर्णा चिकाचं पातेलं घासत होती. जाऊ आलेली पाहून ती हसली. "ये गं, जानका. उपास हाय ना? च्या टाकते."

"तुमच्या घरचा च्या नगं आता! भावजी, बेलाचं रान कवा नावावर करून घेतलंत?"

आप्पारावांच्या हातातलं दावं थांबलं. "काय म्हणता, वैनी?"

"मी न्हाई, कागद म्हणतोय! आमचा एकेचाळीस नंबर आन् त्याच्यावर तुमचं नाव! आमी तिकडं मोळ्या वाहाव्या आन् तुमी हिकडं घर फोडावं?"

"माझ्या नावावर एकेचाळीस?" आप्पारावांचा चेहरा पांढरा पडला. "आईशपथ, वैनी, मला ह्यातलं काय ठावं न्हाई."

"ठावं कावून असंल! आपूआप झालं असंल!"

मनकर्णा हातातली राख झटकत पुढं आली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जानका, तुमी तोडीला गेलतात तवा मामंजींनी अंथरूण धरलं. त्यांचं सगळं म्या केलं. शेवटचं पाणी त्यांच्या तोंडात ह्या हातानं घातलंय. ईसरलीस?"

रागात माणूस काय बोलतो ते त्याचं त्यालाच कळत नाही. दररोज हरिपाठ म्हणणारी, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारी ती बाई बोलून गेली, "पाणी तोंडात घातलं आन् रान घशात घातलं!"

मनकर्णानं पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. बघ्यांतले दोघेतिघे लगेच पारावर पळाले. 'आप्पारावनं रान लाटलं' ही बातमी संध्याकाळच्या आत नांदूरघाटच्या बाजारात पोचायची होती.

"मी पोलिसात जाते," जानकीबाई म्हणाल्या.

"जा की. पर त्याच्या आधी जरा दम खा, बाई. तुझा महादेवबी इतक्या घाईनं तिसरा डोळा उघडत न्हाई."

काठी टेकत बंकटमामा पुढं आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, वाडीचे जुने कोतवाल. पस्तीस वर्षं त्यांनी वाडीत डवंडी पिटली होती. त्यांनी हात पुढं केला. "बघू तो कागद."

कागद डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी उलटा-सुलटा केला. "ह्यो कवाचा?"

"मामंजींच्या वडलांचा."

"म्हंजी एकत्रीकरणाच्या आधीचा. आता ऐक. मी नवानवा कोतवाल झालतो तवाची गोष्ट. मोजणीवाले आले. साखळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. उन्हानं डोकं फुटायची येळ आलती. वाडीतले बारके तुकडे जोडले, त्याचे गट पाडले आन् समद्यांना नवे नंबर घातले. सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. तुझ्या कागदावरचा एकेचाळीस ह्यो जुना सर्व्हे नंबर. आता जो गट एकेचाळीस हाय, तो ओढ्याच्या पल्याडचं रान. ते नरहरीबापूचं, म्हंजी आप्पाच्या बापाचं. पहिल्यापासून."

जानकीबाई नुसत्या बघत राहिल्या.

"न्हाई ध्यानात आलं? बरं. तुझं लेकरू चौथीतनं पाचवीत गेलं. हजेरीचा नंबर बदलला. तू जाऊन चौथीच्या वर्गात त्याचा जुना नंबर पुकारलास आन् दुसऱ्याच पोरानं 'हजर' म्हणलं. त्यानं काय तुझं पोरगं पळवलं व्हय?"

"मग… मग आमचा आत्ताचा नंबर कोणता?"

"माझ्या ध्यानात एकशे सत्तावीस हाय. पर माझ्या ध्यानावर जाऊ नको, मातारा माणूस मी. पोरी, नंबर न्हाई ना ठावं, तर नावानं शोध."

शिवकन्येनं नावानं शोध घेतला. वाडीत तीन सोमेश्वर निघाले. तिसरं नाव होतं सोमेश्वर लिंबाजी घोळवे. गट नंबर एकशे सत्तावीस!

"क्षेत्र किती?" बंकटमामांनी विचारलं.

"एक हेक्टर बासष्ट आर."

"झाले चार एकर. तरीबी इतक्यात हुरळू नको. नकाशा काढ. शेजारी कोण बघ. नाव, क्षेत्र आन् शेजार, तिन्ही जुळल्याबिगर रान आपलं म्हणायचं न्हाई."

नकाशा निघाला. वरच्या अंगाला पाणंद, उगवतीला एकशे अठ्ठावीस, तोही बांधाशेजाऱ्याच्याच नावाचा. जानकीबाईंनी मोबाइल हातात घेतला. नकाशा वाचणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण त्या रेघेवरून त्यांचं बोट फिरलं आणि एका कोपऱ्यावर अडलं. भाकरीचा चतकोर मोडून घ्यावा तसा तिथं बांध आत वळला होता. तीस वर्षं नांगरटीला, खुरपणीला, काढणीला त्या वळणावरून त्या चालल्या होत्या. "हेच!" त्या एकदम बोलल्या. "हे आमचंच रान! ह्या वळणापाशीच माझी पाटी ठेवलेली असती!"

"आन् वर हे अकरा आकडे दिसतेत का?" शिवकन्या म्हणाली. "ह्यो रानाचा ओळख क्रमांक, आत्या. माणसाला आधारचे बारा आकडे, तसे रानाला अकरा. ह्यो नंबर दुसऱ्या कुठल्याच रानाला नसतो."

जानकीबाईंच्या जिवात जीव आला. रान जागेवर होतं! पण शिवकन्येच्या बोटाखालचं नाव त्यांनी पुन्हा वाचलं. सोमेश्वर. "अगं, पण मामंजींना जाऊन चार वर्षं झाली. अजून त्यांचंच नाव कसं?"

"तुमी बदललं न्हाई म्हणून," बंकटमामा म्हणाले. "वारस नोंद कोण करणार व्हतं, मी? ज्या माणसाचं तुमी चार वर्षं श्राद्ध घालता, त्यो माणूस सरकारदरबारी अजून रान कसतोय. चूक कुठं हाय, कळलं का? आप्पाच्या घरात न्हाई, तुझ्या घरात हाय." मग ते जरा मऊ झाले. "जानका, तू देवाची माणूस. मला एक सांग. पोथी फडक्यात बांधून तिला नुसतं कुंकू वाहिलं, तर पारायण व्हतं का?"

"न्हाई, मामा."

"काय करावं लागतं?"

"उघडून वाचावी लागती."

"मग?"

त्या एका शब्दावर जानकीबाईंची मान खाली गेली. सकाळपासूनचं सगळं त्यांना दिसलं. ज्या कागदाचा एवढा अभिमान, तो आपण कधी वाचला नाही. वाचला तेव्हा अर्धाच वाचला. आणि त्या अर्ध्या वाचण्याच्या जोरावर घरच्या माणसाला चोर ठरवलं! अरेरे, केवढी ही घाई!

त्यांनी अंगणात पाहिलं. आप्पाराव केव्हाच आत गेले होते. दार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून जानकीबाई एकट्याच त्या दाराशी गेल्या. आप्पाराव उंबऱ्यात उभे राहिले, पण आत या म्हणाले नाहीत.

"भावजी, चुकले मी. पदर पसरते."

"वैनी, काल सोयऱ्याचा फोन आलता. म्हणे भावाचं रान लाटलंस व्हय बे? काय सांगू त्याला?" आप्पारावांनी चौकटीवरचा हात काढला नाही. "आळ चार माणसांत घेतलात आन् माफी घरात येऊन पुटपुटता?"

ते खरंच बोलले होते. जानकीबाई परत फिरल्या. त्या दिवशी त्यांनी मनाशी एक संकल्प सोडला. आजवर त्यांनी सोळा सोमवार केले होते, चातुर्मास पाळले होते. हा संकल्प मात्र त्या सगळ्यांहून अवघड होता.

आधी त्यांनी घरातलं निस्तरलं. त्रिंबकला घेऊन त्या गावच्या महसूल अधिकारी मॅडमकडं, म्हणजे पूर्वी ज्यांना तलाठी म्हणायचे त्यांच्याकडं, गेल्या. मामंजींच्या मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, अर्ज. यादी लिहिताना त्रिंबक अडखळले. "विजयमालाचंबी नाव घालायचं? ती दिंद्रुडला सुखात हाय. तिनं कवा मागितलं?"

"ती मामंजींची लेक हाय का न्हाई?"

"हाय की."

"मग लिहा. एकदा अर्धं वाचून तोंडावर पडलेय. आता अर्धं लिहून पडायचं न्हाई मला."

नोंदीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी. वाडीत कळ लावणारे काय कमी असतात? "घ्या हरकत, आप्पाराव," पारावर बसणारे म्हणू लागले. "चांगली दोन वर्षं खेटे घालू द्या कचेरीला. मग कळंल आळ घेणं काय असतं." आप्पाराव हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. जानकीबाईंच्या कानावर ते येत होतं. रानाची ओळख पटली होती, पण रान नावावर यायचं होतं आणि तो धागा आता ज्या माणसाला त्यांनी दुखावलं त्याच्याच हातात होता.

मुदत संपायला दोन दिवस होते. एक मेची ग्रामसभा भरली. झेंडावंदन झालेलं, शाळेच्या पटांगणात सगळी वाडी जमलेली. ऊसतोडीची माणसं परतलेली, त्यामुळं गर्दी दांडगी. महसूल अधिकारी मॅडमनी नोटिसा वाचायला घेतल्या. "गट नंबर एकशे सत्तावीस. मयत सोमेश्वर लिंबाजी घोळवे यांचे वारस त्रिंबक आणि विजयमाला. कुणाची हरकत?"

सगळ्यांच्या माना आप्पारावांकडं वळल्या. आप्पाराव उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवत होते.

"मॅडम, त्यांच्या आधी मला बोलायचंय!"

बायकांच्या घोळक्यातून जानकीबाई उभ्या राहिल्या. आयुष्यात कीर्तनातलं आरतीचं ताट सोडलं तर लोकांपुढं त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"समद्यांनी ऐका. तीन आठवड्यांमागं मी आप्पाराव भावजींच्या दारात जाऊन त्यांना चोर म्हणलं. मनकर्णा जाऊबाईंना बोलू नये ते बोलले. ते खोटं व्हतं! रान आमचं जागेवर व्हतं. मी जुना सर्व्हे नंबर घेऊन नव्या गटात शोधलं आन् घरच्या देवमाणसावर आळ घेतला. ज्यानं ज्यानं ती बातमी पुढं नेली, त्यानं आता हीबी न्यावी. भावजी, जाऊबाई, चुकले. समद्यांसमोर चुकले!" त्यांनी वाकून, हात जमिनीला लावून नमस्कार केला. मग त्या सरळ झाल्या. "आन् आता माझ्या रानाचा नंबर ऐका. परत कुणी हसायचं न्हाई." आणि एका दमात, चार, चार आणि तीन असे तुकडे पाडून, मोबाइल नाही, कागद नाही, त्यांनी ते अकरा आकडे घडाघडा म्हणून दाखवले!

मॅडमनी हातातल्या कागदाशी ताडून पाहिलं. "एक आकडा चुकला नाही!"

आधी बंकटमामांनी काठी आपटली, मग टाळ्या पडल्या. शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी आलं. त्रिंबकनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. एवढी ताठ मान त्यांची कुणी पाहिली नव्हती.

आप्पाराव उठले.

"मॅडम, माझी हरकत न्हाई, लिहून घ्या. आन् वैनी, आता खरं सांगतो. पाच वर्षं पंच व्हतो मी. लोकांना कागद आणा, कागद आणा म्हणायचो. पर तुमी माझ्या दारात वरडलात, तवा मला पहिल्यांदा कळलं की माझा गट एकेचाळीस हाय!"

हसण्याचा असा लोट उठला की मॅडमसुद्धा तोंडावर कागद धरून हसल्या.

मनकर्णा मात्र हसली नाही. ती गर्दीतून वाट काढत आली आणि जानकीबाईंच्या शेजारी टेकली. मग ती म्हणाली, "काढ गं तो मोबाइल. त्या एकेचाळीसवर माझं नाव हाय का, बघ."

शिवकन्येनं पाहिलं. "न्हाई, मावशी. एकट्या काकांचं हाय."

"बायकोचं नाव लावता येतं," जानकीबाई म्हणाल्या. "भावजींनी अर्ज करायचा. मॅडमनी मला त्या दिवशी समदं सांगितलंय. आमची नोंद झाली की माझं नाव लावायचा ह्यांचाबी अर्ज तयार हाय."

दोघी जावांनी एकदमच आप्पारावांकडं पाहिलं. "करतो की!" ते गडबडीनं म्हणाले. "आजच करतो. आता परत दारात येऊन वरडू नगा!" आणि मनकर्णानं जानकीबाईंचा हात हातात घेतला.

मुदत संपली, नोंद झाली आणि शिबिरात अडलेला शेतकरी ओळख क्रमांकाचा अर्जही करिष्मानं भरून दिला. त्या महिन्यात वाडीतल्या त्रेचाळीस घरांनी आपापल्या रानाचा गट नंबर आणि अकरा आकडी क्रमांक पाठ केला. सात घरांत वारस नोंदी राहिल्याचं निघालं, त्यांचे अर्ज गेले. ऊसतोडीला निघण्याआधी सातबारा उघडून बघायचा आणि गावाबाहेर असतानाही मोबाइलवर नोटिसा बघत राहायच्या, असा नेमच वाडीनं घालून घेतला. वाडीच्या या नेमाचा अभिमान जानकीबाईंना आता चार एकरांच्या अभिमानापेक्षा मोठा वाटतो.

बंधूंनो, भगिनींनो, आपणही आज एवढं करावं. आपल्या जमिनीचा, आपल्या घरजागेचा आजचा नंबर कोणता, तो स्वतः शोधावा. नाव, क्षेत्र आणि शेजार ताडून पाहावा. गेलेल्या माणसाचं नाव राहिलं असेल तर खऱ्या वारसांची, लेकींसकट, नोंद करावी. मोबाइलवर फुकट दिसतो तो उतारा माहितीपुरता असतो, कामाला सहीचा घ्यावा. आणि काही वावगं दिसलं, तर कुणाच्या दारात जाण्याआधी जाणत्या माणसाला विचारावं. कष्टानं मिळालेल्या मातीचा अभिमान जरूर बाळगावा. तो अभिमान डोळसपणे बाळगला, तर माती राहते आणि माणसंही राहतात.